रॉड पंधरा फुटी, बिल वीस फुटी

28,450 रुपये. बोअरच्या गाडीवाल्याने आणि त्याच्या एजंटाने मिळून आमच्या वस्तीला एवढ्याची टोपी घातली. पैसे माझ्या एकट्याचे असते तर गिळून गप्प बसलो असतो. पण बारा घरांची वर्गणी होती, घरटी 6,000 प्रमाणे 72,000, आणि ती गोळा करणारा मी. आता दूध घालायला डेअरीवर गेलो तरी कोणीतरी विचारतंच, "काय, मग किती फूट म्हणालात?"

"शिकला-सवरलेला माणूस आणि असा कसा फसला" असं ज्याला म्हणायचं असेल त्याने आधी पुढचं वाचावं. विहीर शिमग्यालाच तळ गाठते, टँकर कधी येतो कधी नाही, आला तर दोन हंड्यांवरून भांडणं. अशा वेळी "परवा गाडी या बाजूला आहे, आज ठरवा, नाहीतर दिवाळीनंतर" असं कोणी म्हटलं की माणूस घासाघीस करत बसत नाही. त्यांचा धंदाच उन्हाळ्यावर चालतो.

भाव ठरला 75 रुपये फूट, "सगळं त्यात धरून". सकाळी हातात आलेली चिठ्ठी अशी: पहिले 300 फूट 75 ने, 22,500. पुढचे शंभर 85 ने, 8,500. त्यापुढचे शंभर 100 ने, 10,000. वरचे वीस 120 ने, 2,400. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात घालायचा पाईप, 60 फूट, 380 ने, 22,800. गाडी आणायचे 3,000. एकूण 69,200. तीनशे फुटांच्या पुढे दर चढतो हे बोअर मारलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, न मारलेल्याला बिलाच्या वेळी कळतं. चढत्या दराला मी फसवणूक म्हणत नाही. पण कामाआधी सगळे टप्पे कागदावर लिहून घ्या, खाली सही घ्या.

खरी चोरी रॉडमध्ये. एकाला एक जोडत खाली सोडलेले रॉड किती, त्यावर खोली धरतात. रॉड मी स्वतः मोजले, रात्रभर जागून, डोळ्यात धूळ घेऊन. सव्वीस. एजंटही गाडीच्या पत्र्यावर रेघा ओढत होता, त्याचेही सव्वीस. रॉड वीस फुटी, म्हणजे 520 फूट, हिशेब चोख. फक्त रॉड वीस फुटी नव्हता. पंधरा फुटीही रॉड येतात आणि मास्टवर, म्हणजे गाडीच्या उभ्या खांबावर, चढवलेला रॉड रात्री हॅलोजनच्या उजेडात पंधराचा की वीसचा, हे कोण सांगेल? टेप घेऊन रॉड आडवा असतानाच मोजा, मशीन सुरू व्हायच्या आधी. मालक चिडला तर गाडी परत पाठवा.

पाणी लागलं ते 140 फुटांच्या आसपास. चिखलाचा फवारा उडाला, पोरं नाचली. तिथून खाली नुसती राखाडी भुकटी. तरी एजंट म्हणे, "अजून चार रॉड जाऊ द्या, खाली मोठा झरा आहे, आवाजावरून कळतं." नंतर एका भूवैज्ञानिकाने सांगितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्या राज्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा. त्यात पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या, भेगाळलेल्या थरात किंवा लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्यात. जसजसं खोल जाल तसा खडक घट्ट होत जातो, पाणी मिळण्याची शक्यता कमीच होते. पण गाडीवाला पाणी विकतच नाही, फूट विकतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून आहे, तिच्याकडून आधी जागा तपासून घेता येते. हे बोअर मारून झाल्यावर आम्हाला सांगणारे पुष्कळ निघाले.

आता केसिंग. हे लिहिताना अजून हात थरथरतो.

केसिंगचे वीस-वीस फुटांचे तीन निळे पाईप संध्याकाळी उतरवले होते. वस्तीतली पोरं त्यावर घोडा-घोडा खेळली, एकीने एका पाईपवर खडूने मासा काढला, शेपटीसकट, वर स्वतःचं नाव. पाईप खाली सोडायची वेळ आली तेव्हा एजंट मला बाजूला घेऊन गेला, ॲडव्हान्सची पावती करू म्हणून. बायका हंडे घेऊन बसलेल्या, सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे. पहाटे गाडी आवरताना दोन पोरगे दोन पाईप वर चढवून दोरीने बांधत होते. त्यातल्या एकावर तो मासा होता. मी बघितला. शेपूट बघितली, नाव वाचलं. आणि विचारलंसुद्धा, "हे कुठले?" तो म्हणाला, "दुसऱ्या साईटचे." मी मान हलवली. जमिनीत गेलेला पाईप गाडीवर कसा, एवढा साधा प्रश्न! पण रात्रभर जागलेल्या, कानात कॉम्प्रेसर घुमत असलेल्या माणसाला तो पहाटे पाचला सुचत नाही, आणि त्यांनी वेळ तीच निवडलेली असते. गाडी रात्री लावतो म्हणाला की नाही म्हणा. केसिंग उतरताना पावती, चहा, फोन काहीही असो, तिथून हलू नका.

केसिंग म्हणजे नुसता पाईप नाही. वरची माती-मुरूम ढासळू नये आणि गटाराचं, उकिरड्याचं पाणी आत झिरपू नये म्हणून ते पक्क्या खडकात बसवायचं असतं, भोवतीची फट सिमेंटने बुजवायची असते. आमच्या फटीत बोअरमधून निघालेला चुराच लोटला होता. पहिल्या वळवाबरोबर पाणी गढूळ झालं. लहान पोरांना जुलाब लागले. गावचं पाणी तपासणाऱ्या जलसुरक्षकाने एचटूएसच्या बाटलीत पाणी भरून ठेवलं, पाणी दूषित असलं की ती काळी पडते. दुसऱ्या दिवशी बाटली काळीकुट्ट. पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस 10500, सांगतं की 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही सापडता कामा नये. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून बघितलं, पण वरून घाण येतच राहिली तर पावडर किती टाकणार?

वर्गणीतल्या उरलेल्या 2,800 मधले 2,500 देऊन बोअरमध्ये कॅमेरा सोडला. केसिंग 20 फुटांवर संपलं. खोली 390. कॅमेरावाला हसून म्हणाला, "सव्वीस रॉड ना? पंधराने गुणा." 390 फुटांचे होतात 30,150, घेतले 43,400, फरक 13,250. न घातलेलं केसिंग 40 फूट, 15,200. झाले 28,450. गाडीवाल्याला फोन लावला तर "खाली दरड ढासळली असेल". नेमकी 130 फूट, सव्वीस रॉडांमागे पाच-पाच फूट बसेल अशी!

पुढे सरकारदरबार. पोलिसांनी अर्ज हातातही न धरता सांगितलं, हा दिवाणी मामला, पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत. महसूलवाले म्हणाले, बोअर खासगी, आमचा संबंध काय? पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी उलट मलाच झापलं, आधी का आला नाहीत. आधी गेलो असतो तर टँकरच्या यादीत नाव आहे का बघा म्हणाले असते, ते असो. 2009 च्या भूजल कायद्यात बोअरच्या गाड्यांची नोंदणी सांगितली आहे, म्हणून नोंदणी असलेल्या गाड्यांची यादी मागितली. बाबूने विचारलं, "कुठला कायदा?" मी मोबाईलवर काढून दाखवला. तो म्हणाला, प्रिंट जोडा. जोडली. अर्ज तालुक्यातून जिल्ह्याला 'वर्ग' झाला, तिथून 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' परत तालुक्याला, त्याच टेबलावर, त्याच बाबूकडे. आणि त्याने मला विचारलं, हा अर्ज कशाबद्दल आहे! गाडी परराज्यातल्या पासिंगची, तिचा नंबर दिला, फोटो दिला. अजून एका माणसाने तो नंबर कुठे तपासल्याचं ऐकिवात नाही. दूषित पाणी प्यालेली पोरं या सगळ्यांच्या हद्दीत राहतात, पण कार्यकक्षेत कोणाच्याच येत नाहीत.

ग्राहक हेल्पलाईनला, 1915 ला, फोन केला. ती बाई नीट बोलली, तिला दोष नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, असंही सांगितलं. पण कंपनीचं नाव काय? चिठ्ठीवर नाव नाही, पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, नुसते आकडे आणि एक वळणदार सही. नोटीस सहीला पाठवायची का? छापील बिलाशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. आधारकार्डाचा फोटो मागा. रोख तर अजिबात नको. मी रोख दिले, कारण वर्गणी रोखच जमली होती.

पुन्हा टँकर सुरू आहे. बोअरचं पाणी आम्ही गुरांना आणि भांड्यांना वापरतो. एजंटाचा पहिला नंबर बंद झालाय, पण शेजारच्या तालुक्यात तोच माणूस, तीच "दिवाळीनंतर" ची भाषा, असं कळलं. त्या चिठ्ठीचा फोटो माझ्याकडे आहे. 7 च्या आकड्याला मधे आडवी रेघ मारायची त्याला सवय आहे. तुमच्या हातात तशी चिठ्ठी आली असेल तर माझ्याकडून फोटो मागवा आणि अक्षर जुळतंय का बघा, पैसे द्यायच्या आधी.