रातकिड्यांचं नातं लावायचंय: गुणसूत्रं मोजू की डीएनए वाचू?

रातकिड्यांच्या कोणत्या जाती एकमेकींच्या जवळच्या हे ठरवायला गुणसूत्रं मोजू की डीएनए वाचू, प्रकल्पासाठी दोन्हीला वेळ नाही, असं एका विद्यार्थिनीने विचारलं. दोन्ही करून झालेल्याचं हे मत.

नमुना: गुणसूत्रांसाठी जिवंत नर हवा. वृषण काढायचं, कोल्चिसिन (पेशींचं विभाजन मध्येच थांबवणारं औषध), मग पेशी टिकवायला ३:१ मिथेनॉल-अॅसेटिक आम्ल, शेवटी गिम्सा हा रंग. माझ्या पहिल्या कित्येक स्लाइड नुसता चिखल होत्या. डीएनएला अल्कोहोलमधला एक पाय पुरतो.

खर्च: सूक्ष्मदर्शक असेल तर गुणसूत्रं स्वस्त, पण हात बसायला महिने जातात.

काय कळतं, हा खरा मुद्दा. नरात लिंग ठरवणारं एक्स गुणसूत्र एकटंच असतं, वाय नसतंच, म्हणून गुणसूत्रांचा आकडा विषम येतो: ग्रिलस बायमॅक्युलेटस या जातीत २९, घरगुती रातकिड्यात २१. अर्धसूत्री विभाजनात (शुक्रपेशी बनताना गुणसूत्रं निम्मी होतात तेव्हा) तो एकटा एक्स गडद ठिपक्यासारखा बाजूला दिसतो. पहिल्यांदा पाहाल तेव्हा चहा गार होईल. दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून एक झाली किंवा एखाद्याचा तुकडा उलटला तर ते इथे दिसतं, बारकोडमध्ये, म्हणजे जात ओळखायला वाचतात त्या डीएनएच्या ६५० अक्षरांच्या तुकड्यात, नाही. पण आकडा सारखा म्हणजे नातं जवळचं, असं मात्र नव्हे.

बारकोडही फसवतो. तो पेशीतल्या मायटोकाँड्रिया या ऊर्जा बनवणाऱ्या भागातल्या जनुकाचा असतो, आणि त्या जनुकाची केंद्रकात पडलेली जुनी प्रत चुकून वाचली जाते. शिवाय ग्रिलस फर्मस आणि ग्रिलस पेन्सिल्व्हेनिकस या दोन जातींचा संकर होतो, आणि मायटोकाँड्रियाचा डीएनए त्यांना नीट वेगळं करत नाही.

बऱ्याच जातींचा वंशवृक्ष हवा असेल तर डीएनए, तोही केंद्रकातल्या जनुकांसकट. दोन-चार जवळच्या जातींमध्ये गुणसूत्रांची रचना कशी बदलली हे पाहायचं असेल, तर स्लाइडच.