सर्च बॉक्स हाताने लिहायचा की डाउनशिफ्ट घ्यायचं?

रिअ‍ॅक्टमध्ये सर्चचा कॉम्बोबॉक्स (टाइप करता करता खाली पर्यायांची यादी दाखवणारा बॉक्स) बनवायचाय आणि सगळं स्वतः लिहू की डाउनशिफ्ट या तयार लायब्ररीचं हुक (रिअ‍ॅक्टमध्ये वापरायचं तयार फंक्शन) घेऊ यात अडकला असाल तर मी दोन्ही करून बसलोय, आधी पहिलं मग दुसरं, म्हणून सांगतो. वीस-पंचवीसच ठरलेले पर्याय असतील आणि यादी कशी दिसते याचा हट्ट नसेल तर एचटीएमएलचं साधं डेटालिस्ट लावा आणि मोकळे व्हा, ती यादी ब्राउझर स्वतः काढतो त्यामुळे सीएसएसने तिचं रूप बदलता येत नाही एवढंच.

हाताने लिहिण्यात मजा आहे, मार्कअप पूर्ण आपलं, कुठे काय चाललंय ते दिसतं. पर्यायावर क्लिक पोचायच्या आधीच इनपुट ब्लर होऊन (त्यावरचा फोकस जाऊन) यादी मिटायची, ते माउसडाउनला प्रिव्हेंटडिफॉल्ट लावून, म्हणजे ब्राउझरची नेहमीची कृती थांबवून, सुटलं. जुन्या रिक्वेस्टचं उत्तर उशिरा येऊन नव्या यादीवर बसायचं, त्याला जुनी रिक्वेस्ट रद्द करणारा अबॉर्टकंट्रोलर, आणि हे काम डाउनशिफ्ट घेतलं तरी आपल्याकडेच राहतं. स्क्रीन रीडरचा भाग जास्त किचकट. एरिया (ARIA, पानातला कुठला भाग काय आहे हे स्क्रीन रीडरला सांगायचं मानक) १.० मध्ये कॉम्बोबॉक्स हा रोल इनपुटवर होता, १.१ मध्ये बाहेरच्या डिव्हवर गेला, १.२ मध्ये परत इनपुटवर आला, आणि मी नेमकं १.१ चं उदाहरण बघून लिहिलेलं, मग सगळं उलटं फिरवा.

तरी हे सगळं मी निभावलं असतं. मला खरं छळलं ते एंटरने. आमच्यातली एक जण मराठीत सर्च करत होती, रोमनमध्ये टाइप करून देवनागरी उमटवणारा कीबोर्ड, तिने 'पुस्तक' लिहिलं आणि कीबोर्डने सुचवलेला शब्द पक्का करायला एंटर दाबला, तर त्याच एंटरने माझ्या यादीतला हायलाइट झालेला 'पुस्तकपेटी' निवडला आणि पान बदललं. दर वेळी! शब्द अजून जुळवला जात असताना दाबलेल्या एंटरचा कीकोड (ब्राउझर देतो तो की चा क्रमांक) २२९ येतो, नेहमीच्या एंटरचा १३, पण मी फक्त की चं नाव तपासत होतो आणि ते दोन्हीकडे एंटरच. मग इज-कम्पोझिंग, म्हणजे शब्द जुळवणं (कम्पोझिशन) चालू आहे का ते सांगणारी खूण, तपासलं, क्रोममध्ये ठीक झालं, सफारीत नाही, कारण तिथे कम्पोझिशन संपल्याचा इव्हेंट कीडाउनच्या आधीच येतो आणि तोवर ते फॉल्स झालेलं असतं. म्हणजे २२९ पण बघायला हवं. जपानी लिहिणाऱ्यांनाही हाच त्रास होणार.

आणि टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या, याचं मला जास्त लागलं. जेएसडॉम या टेस्टसाठीच्या नकली ब्राउझरमध्ये यूजर-इव्हेंट लायब्ररीने अक्षरं टाइप केली की कम्पोझिशन होतच नाही, प्लेराइट या टेस्टच्या साधनाने खरा ब्राउझर उघडला तरी त्याचं साधं टाइप तेच करतं. क्रोमियमला डेव्हटूल्स प्रोटोकॉलमधून आयएमई-सेट-कम्पोझिशन (असा शब्द जुळवणारा कीबोर्ड असल्याचं भासवणारी आज्ञा) पाठवता येतं, मी तेवढी एक टेस्ट तशी ठेवलीय, बाकी फायरइव्हेंटने (हवा तो इव्हेंट हाताने पाठवणारं फंक्शन) २२९ चा एंटर पाठवून यादीतलं काही निवडलं जात नाही ना ते बघतो.

डाउनशिफ्ट गुणाचंच आहे असं नाही. यादी बंद असली तरी तिच्या एलिमेंटला डाउनशिफ्टचे गेटमेन्यूप्रॉप्स लावावेच लागतात नाहीतर कन्सोलमध्ये ओरडतं, आणि इनपुटची व्हॅल्यू स्वतःच्या स्टेटमधून द्यायला गेलात तर मधेच टाइप करताना कर्सर शेवटी उडी मारू शकतो. रिअ‍ॅक्ट नसेल तर विषयच नाही. तुमची टीम एकाच भाषेत, साध्या कीबोर्डवर काम करणारी असेल तर हाताने लिहिलेलं कदाचित वर्षभर सुखाने चालेलही.

पण डाउनशिफ्टच्या कोडमध्ये एंटरच्या जागी २२९ ची तपासणी आधीपासून आहे, कमेंटसकट. डाउनशिफ्टवर जाताना मी तीच कम्पोझिशनची टेस्ट सगळ्यात आधी चालवली आणि ती पहिल्याच फटक्यात पास झाली.