घरपोच ‘टीन पीसीओएस पॅकेज’: अडीच तारे, त्यातले दोन रक्त काढणाऱ्या काकांचे

पीसीओएस म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडानं पाळी अनियमित होण्याचा त्रास; त्यासाठीच्या रक्तचाचण्यांचं हे पॅकेज पुण्याच्या ताईनं भाचीसाठी तिथूनच बुक केलं आणि पैसेही तिनंच भरले. तरी बडोद्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यात इतकी वर्षं बिलं तपासत बसलेला माणूस ओळीओळीला हिशेब लावणारच. लेक पंधरा वर्षांची, दहावीत. तिला विचारून लिहितोय, तिचं नाव येणार नाही एवढीच तिची अट. लॅबचं नाव मीच गाळतोय, कारण अशी पॅकेजं आता बरेच जण विकतात आणि आतला माल थोड्याफार फरकानं तोच असतो.

आधी चांगलं सांगतो. सात म्हणजे सातला काका दांडिया बाजारातल्या आमच्या जिन्यावर हजर, हातात थंड पेटी. सुई एकदाच टोचली. टोचताना लेकीला विचारलं, “आ वखते गरबा क्यां रमवानी?” (या वेळी गरबा कुठे खेळणार?) ती उत्तर देईपर्यंत नळ्या भरल्यासुद्धा. उपाशीपोटी आहे ना, हे दोनदा विचारून घेतलं. दोन तारे इथेच दिले.

संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर आला. लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या. लाल पट्टीत चार नावं: टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक), एएमएच (अंडाशयातल्या पुटिकांचं, म्हणजे बीजांच्या पिशव्यांचं संप्रेरक), उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन). शेवटच्यापुढे ‘इन्फ्लमेशन: हाय’ (दाह जास्त), आणि त्याच्या खालीच हळद-इनोसिटॉलच्या पावडरीचं बटण, ‘आता मागवा’. बटण बघून मी सावध झालो. जो तपासतो तोच औषधही विकत असेल, तर आमच्या खात्यात त्या बिलावर सही होत नाही.

लेक मात्र घाबरली. रात्री जेवली नाही. तिची पाळी बारा वर्षांची असताना सुरू झाली, आणि अजूनही दोन पाळ्यांत दीड-दोन महिने जातात. एकदा तर तीन महिने उलटून गेले. हनुवटीवर राठ केस, पाठीवर पुरळ. मान काळी पडलीय म्हणून आमची आई रोज डाळीचं पीठ आणि लिंबू घेऊन तिच्या मागे. हे सगळं घरात माहीत होतं. बोलायचं कुणी, एवढाच प्रश्न होता. पॅकेजनं तो विषय जेवणाच्या टेबलावर आणला, तेवढ्यासाठी अर्धा तारा.

मग कारेलीबागेतल्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी मान पाहिली. “आजींना सांगा, घासू नका. हा मळ नाही, इन्सुलिन वाढल्याची खूण आहे.” मग रक्तदाब, कंबर, उंची, वजन. मग मला बाहेर बसवलं आणि लेकीशी एकटीशी बोलल्या: झोप, मन, शाळेत कुणी काही बोलतं का. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा चेहरा हलका होता. कुठल्याही पॅकेजमध्ये ही ओळ नाही.

त्यानंतर रिपोर्ट घेतला, आणि माझ्या विनंतीवरून ओळीओळीनं.

एएमएच कशाला? या वयात त्यावरून पीसीओएस ठरवू नये, असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाच्या पुढाकारानं ती तयार झाली. सोनोग्राफीचंही तेच: पाळी सुरू झाल्यापासून ८ वर्षांपर्यंत निदानासाठी ती करू नये, कारण वाढत्या मुलींच्या अंडाशयात भरपूर पुटिका असतातच. (ताई सोनोग्राफीचंही बुकिंग करणार होती. थांबवलं.) किशोरींमध्ये दोन गोष्टी एकत्र लागतात, पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांचा जोर. एकच असेल तर ‘धोका आहे’ असं म्हणून लक्ष ठेवतात. आमच्याकडे दोन्ही होत्या. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन या तीन ओळी कामाच्या ठरल्या. १७-ओएच प्रोजेस्टेरॉन (अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात बिघाड नाही ना, हे बघण्यासाठी) हवं होतं, ते पॅकेजमध्ये नव्हतंच. ते वेगळं केलं, नॉर्मल आलं.

आता ती इन्फ्लमेशनची लाल पट्टी. बाईंनी पहिलाच प्रश्न केला, “त्या दिवशी सर्दी होती का?” होती. नाक गळत होतं. साध्या सर्दीनंही सीआरपी वर जातो, आणि पॅकेजच्या फॉर्मवर हा प्रश्नच नाही. मी विचारलं, मग हे सगळं थोतांड का? तर तसंही नाही. पोटातल्या जादा चरबीत रोगप्रतिकारक पेशी ठाण मांडतात आणि सतत थोडी थोडी रसायनं सोडत राहतात. त्यांच्यामुळे यकृत आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. ते जादा इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन जास्त बनवायला लावतं, आणि यकृतात बनणारं जे प्रथिन रक्तात त्या टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं ते कमी करतं. म्हणून केस, पुरळ, चुकलेली पाळी. गरम तव्यावर भाकरी फुगावी तसं एकातून एक. पीसीओएस असलेल्यांमध्ये सीआरपी सरासरीनं जास्त सापडतो हे खरंच आहे. पण वजन वाढलं की तो तसाही वाढतो, तेव्हा एका मुलीच्या एका आकड्यावरून निदानही होत नाही आणि उपचारही बदलत नाही. सर्दी गेल्यावर पुन्हा करायचा का, असं विचारलं. “हौस असेल तर करा,” म्हणाल्या.

उपाशीपोटीच्या इन्सुलिनलाही त्यांनी फारशी किंमत दिली नाही. त्याची मोजमापं लॅबगणिक बदलतात.

आणि जी चाचणी खरंच हवी होती, ती या भल्यामोठ्या यादीत नव्हती. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी साखर बघायची. पीसीओएस असेल तर वय आणि वजन काहीही असो, साखरेची खरी स्थिती यातूनच सगळ्यात नीट कळते. रावपुऱ्यातल्या एका साध्या लॅबमध्ये केली, पैसे पॅकेजपुढे चिल्लर. उपाशीपोटी ९२, एकदम छान. दोन तासांनी १५२. १४० च्या खाली हवी होती. पॅकेजमध्ये उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) दोन्ही हिरव्या पट्टीत होते, म्हणजे जिथे खरोखर बघायला हवं होतं तिथेच ‘सर्व ठीक’चा शिक्का. चरबीचे आकडे मात्र पॅकेजनंच दिले होते: ट्रायग्लिसराइड १६८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८. ते पिवळ्या पट्टीत, कोपऱ्यात. बाईंनी लाल सोडून त्याच्याखाली पेन ओढलं.

उपचार काय, हे लिहिण्याची ही जागा नाही, प्रत्येकीचं वेगळं असतं. आम्हाला मेटफॉर्मिन (शरीरानं इन्सुलिनला दाद द्यावी म्हणून देतात ते औषध) आणि पाळीच्या गोळ्या दोन्हींबद्दल समजावून सांगितलं, निर्णय पुढच्या भेटीवर ठेवला. कुठलाही खास ‘पीसीओएस डाएट’ इतर आहारांपेक्षा सरस ठरलेला नाही, म्हणून तक्ता दिला नाही. फाफडा-जिलेबी रविवारपुरती, आणि घरातल्या सगळ्यांनाच तेवढीच. तिला एकटीला वेगळं ताट वाढायचं नाही, हे आईला उद्देशून. दिवसाला तासभर तरी दम लागेल अशी हालचाल हवी म्हटल्यावर लेक पटकन म्हणाली, “गरबा?” दहावी आहे म्हणून तो क्लास आम्हीच बंद केला होता. बाईंनी माझ्याकडे बघितलं. क्लास सुरू झालाय. रात्री नऊपर्यंतच्या ट्यूशनमधली एक बॅच सोडली.

तर हे पॅकेज घ्यावं का? आधी डॉक्टर गाठा, त्या लिहून देतील तेवढ्याच चाचण्या करा; बहुतेक निम्म्या पैशात होईल. घरी येणारी माणसं चांगली आहेत, त्यांना सुट्या चाचण्यांसाठी बोलवा. पावडरीचं बटण दाबू नका. कस्टमर केअरला मी लिहिलं की फॉर्मवर सर्दी-तापाचा रकाना घाला. उत्तरादाखल ‘बहिणीलाही तपासा’ म्हणून दहा टक्के सवलतीचं कूपन आलं.

ग्लुकोजच्या चाचणीला जाणाऱ्यांसाठी: सकाळी लवकर जा, पाणी फार गोड लागतं, लिंबू पिळून चालेल का ते लॅबला विचारा. सावकाश पण पाच मिनिटांत संपवा. उलटी झाली तर चाचणी बाद, पुन्हा दुसऱ्या दिवशी. मधले दोन तास तिथेच बसायचं असतं, खाणं नाही, फिरणं नाही. लेकीनं इतिहासाचं पुस्तक नेलं होतं. मी काही नेलं नव्हतं, भिंतीवरचं दरपत्रक वाचत बसलो.