घरच्या ईव्ही चार्जरसाठी आरसीसीबी: टाइप ए की टाइप बी?

कोल्हापुरात चारचाकी ईव्ही घ्यायची ठरली की रेंज, किंमत आणि मीटरचा मंजूर भार यांवर घरात आठवडाभर चर्चा होते. चार्जरच्या आधी बोर्डात कोणता आरसीसीबी (प्रवाहाची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) बसवायचा, हे मात्र वायरमनवर सोडून दिले जाते. हा निर्णय मालकाने स्वतः समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते, कारण पावसाळाभर ज्या पार्किंगची फरशी ओली असते, तिथे अनवाणी उभे राहून गाडीला हात लावणारे आपल्याच घरचे लोक असतात.

एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की पडणारा स्विच) असताना आणखी खर्च कशाला, असे हमखास विचारले जाते. समजा, आवारातील अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध १० ओहम आहे आणि चार्जरमधील फेजची तार त्याच्या धातूच्या भागाला टेकली. २३० व्होल्टला जमिनीत जाणारा प्रवाह फार तर २३ अँपिअर होईल. ७.४ किलोवॅटच्या चार्जरसाठी बसवलेला ४० अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडणार नाही आणि त्याच अर्थिंगला जोडलेल्या गाडीच्या पत्र्यात करंट तसाच राहील. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांतला फरक पाहतो आणि तो ३० मिलिअँपिअर झाला की ३०० मिलिसेकंदांच्या आत पुरवठा तोडतो. या दोहोंत निवड करायची नाही, दोन्ही लागतात.

खरी निवड आरसीसीबीच्या प्रकारांत आहे. ज्याला आपण अजून ईएलसीबीच म्हणतो, तो जुन्या घरांतला आरसीसीबी बहुधा टाइप एसी असतो आणि त्याला फक्त साध्या एसी प्रवाहाची गळती कळते. टाइप ए ला त्याशिवाय स्पंदित, म्हणजे ठोक्याठोक्याने वाहणारी डीसी गळतीही कळते. परंतु गाडीतील चार्जर एसीचे डीसी करतो, आणि त्यात बिघाड झाल्यास सपाट, स्थिर डीसी प्रवाह गळू शकतो. असा प्रवाह ६ मिलिअँपिअरच्या वर गेला की टाइप ए च्या आतील लोहगाभा संपृक्त होण्याचा, म्हणजे चुंबकत्वाने पूर्ण भरून प्रवाहातला फरक ओळखेनासा होण्याचा धोका असतो. मग आरसीसीबी पडत तर नाहीच, शिवाय नंतर खरोखर कुणाला शॉक बसला तरी तो जागचा हलेल याची खात्री उरत नाही. टाइप बी स्थिर डीसी गळतीही ओळखतो. त्याची किंमत टाइप ए च्या कित्येक पट असते.

नियमांतील मतभेद इथूनच सुरू होतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये सुरक्षा विनियमांत चार्जिंग केंद्रांसाठी जी भर घातली, तिच्यात ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त नसलेला, न्यूट्रलसह सर्व तारा तोडणारा आणि किमान टाइप ए च्या दर्जाचा आरसीसीबी, तसेच प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट, असे सांगितले आहे. आयईसी ६१८५१ हे आंतरराष्ट्रीय मानक पुढे जाऊन टाइप बी किंवा टाइप ए च्या जोडीला ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखून पुरवठा तोडणारी व्यवस्था मागते. अमेरिकेची वाट वेगळी आहे. तिथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेच्या २०२० च्या आवृत्तीने ईव्ही चार्जिंगच्या सर्व सॉकेटना ४ ते ६ मिलिअँपिअरवर पडणारे संरक्षण सक्तीचे केले, पण चार्जरच्या आत २० मिलिअँपिअरचे संरक्षण आधीच असते. एकामागोमाग दोन संरक्षणे लागल्याने कारण नसताना पुरवठा तुटतो, ही तिथल्या चार्जर उत्पादकांची तक्रार आहे. दुसरी बाजू म्हणते की सॉकेटची झिज आणि प्लग हाताळतानाचा धोका चार्जरच्या आतल्या संरक्षणाला दिसतच नाही. मला दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसते. तरीही असे ४ ते ६ मिलिअँपिअरचे संरक्षण कोल्हापुरात आणून बसवावे, असे मी कुणाला सुचवणार नाही, कारण वारंवार पडणारे संरक्षण शेवटी काढून टाकले जाते.

हे मी स्वतःच्या पार्किंगमध्ये अनुभवले आहे. जुलैच्या झडीत चार्जिंग सुरू झाले की दहा मिनिटांत आरसीसीबी पडायचा. तिसऱ्या दिवशी वायरमन म्हणाला, "साहेब, पावसाळ्यापुरतं डायरेक्ट करून देऊ का?" मी नको म्हटले आणि बोर्ड उघडायला लावला. चार्जरचा न्यूट्रल आरसीसीबीतून बाहेर आल्यावर घराच्या सामाईक न्यूट्रल पट्टीलाही जोडला होता, त्यामुळे परतीचा काही प्रवाह दुसऱ्याच वाटेने जात होता. ती काळी तार पट्टीवरून सोडवली आणि त्या पावसाळ्यात आरसीसीबी पुन्हा पडला नाही. दोष पावसाचा नव्हता, आरसीसीबीचाही नव्हता.

माझे मत असे. भिंतीवरील चार्जरच्या माहितीपत्रकात ६ मिलिअँपिअर डीसी गळतीचे संरक्षण स्पष्ट छापलेले असेल, तर ३० मिलिअँपिअरचा टाइप ए पुरेसा आहे आणि टाइप बी वरचा पैसा अर्थिंग सुधारण्यावर घालावा. तसा उल्लेख नसेल, किंवा विक्रेता "सगळं आत आहे" एवढेच सांगत असेल, तर टाइप बी घ्यावा. इथे काटकसर करू नये. गाडीसोबत येणाऱ्या, मध्ये डबी असलेल्या केबलच्या डबीत बहुधा स्वतःचे गळती-संरक्षण असते. तरी तिच्या सॉकेटला टाइप ए द्यावाच आणि एक्स्टेन्शन बोर्ड मुळीच लावू नये, ज्याला २०१९ च्या त्या तरतुदींतही मनाई आहे. टाइप एसी कोणत्याही परिस्थितीत नको.

टाइप बी घेणाऱ्यांकडून एक चूक सहज होते. घराच्या मुख्य टाइप एसी किंवा टाइप ए ईएलसीबीच्या पुढे टाइप बी जोडला, तर तो पडण्याआधी वाहणारी डीसी गळती मागच्या ईएलसीबीमधूनही जाते आणि साऱ्या घराचे संरक्षण निकामी करू शकते. म्हणून चार्जरची लाइन मुख्य ईएलसीबीच्या आधीपासून, मीटरजवळून वेगळी काढून घ्यावी. सोसायटीत मीटरकडच्या बाजूला आणखी एक आरसीसीबी हवाच असेल, तर तो १०० मिलिअँपिअरचा, उशिराने पडणारा घ्यावा, म्हणजे एका गाडीच्या बिघाडाने लिफ्ट आणि पाण्याची मोटर बंद पडत नाही. अर्थात डीसी गळतीने तोही निकामी होता कामा नये.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांत ज्यांच्या पार्किंगमध्ये पंचगंगेचे पाणी शिरले, त्यांनी त्या पातळीच्या वर बोर्ड घ्यावा. विनियमांतील सॉकेटसाठीची ८०० मिलिमीटरची किमान उंची अशा घरांना पुरणार नाही. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबावे, मात्र त्यातून आरसीसीबीची यंत्रणा हलते एवढेच कळते. अर्थिंग तुटले असले तरी ते बटण काम करते, म्हणून चार्जर बसवण्याआधी अर्थिंगचा रोध टेस्टरने मोजून घ्यावा आणि तो आकडा वायरमनकडून बिलावरच लिहून घ्यावा.