पुरात बुडालेला बॅकअप अ‍ॅम्प

मी सांगलीत एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. ऐन कार्यक्रमात अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र, बंद पडला तर हाताशी दुसरा असावा, म्हणून डिसेंबर 2019 मध्ये मी एका गृहस्थांकडून जुना अ‍ॅम्प 14,000 रुपयांना घेतला. "घरातच वापरलाय, वाजवून बघा की," असे ते म्हणाले. मी पाच मिनिटे वाजवून पाहिला, सर्वांत जाड ई तारही स्वच्छ बोलली, आणि मी रोख पैसे मोजून, पावती न मागता तो घरी आणला.

पुढच्याच महिन्यात मिरजेच्या एका लग्नात मुख्य अ‍ॅम्पने दगा दिल्यावर हा लावला, तर अर्ध्या तासात खरखर सुरू झाली, जळका वास आला आणि आवाजच गेला. गायक मागे वळून माझ्याकडे पाहू लागले, तेव्हा मला मान वर करवेना.

दुरुस्ती करणाऱ्यांनी झाकण उघडून दाखवले. ट्रान्सफॉर्मरखाली बारीक तपकिरी गाळ बसला होता, बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांवर हिरवट गंज चढला होता. बाहेरची पेटी मात्र पुसून लख्ख केलेली होती. मी अ‍ॅम्प घेण्याआधी, ऑगस्ट 2019 च्या महापुरात, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, जिथे धोक्याची पातळी 45 फूट आहे, तिथे कृष्णा 57 फुटांवर गेली होती; त्या पाण्यात हा अ‍ॅम्प बुडाला असणार, यात मला शंका नाही. असे यंत्र वाळल्यावर थोडा वेळ चालते, पण तापले की बोर्डावरचे गंजलेले सोल्डरचे टाके सुटू लागतात, आणि गाळ ओल धरून नको तिथे वीज वाहू देतो. म्हणजे पाच मिनिटांच्या तपासणीत हा दोष दिसणारच नव्हता.

मी फोन केला तेव्हा "तुम्ही तपासूनच नेला होता" एवढेच उत्तर मिळाले. नंतर फोन उचलणेही बंद झाले. लेखी काहीच नसल्याने मला पुढे काही करता आले नाही.

आपल्या भागात जुना अ‍ॅम्प घेणार असाल तर विकणाऱ्यासमोर झाकण उघडायला लावा, आतले स्क्रू आणि स्पीकरच्या सॉकेटचा आतला भाग बॅटरीच्या उजेडात पाहा, कॅबिनेट (स्पीकरची पेटी) जोडून किमान तासभर मोठ्या आवाजात वाजवा, आणि अनुक्रमांकासह पावती घ्या. विकणारा झाकण उघडू देत नसेल, तर तिथूनच परत फिरा. मी स्वतः आता बॅकअप म्हणून एक डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी), दोन वायरी आणि 9 व्होल्टची नवी बॅटरी बाळगतो. अ‍ॅम्प गेला तर बेस थेट साउंडवाल्यांच्या मिक्सरला जोडता येतो.