डबल झूम किटच्या नावाखाली दिलेली जुनी लेन्स

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यावरून लेन्स बदलता येणाऱ्या डीएसएलआरवर जाणाऱ्या माणसाला नेमकं कुठं गाठायचं, हे काही दुकानदारांना बरोबर ठाऊक असतं. आपण बॉडीचं, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याचं, मॉडेल पाठ करून जातो, मेगापिक्सेल विचारतो, दोन-चार ठिकाणी भाव काढतो. लेन्सची पारख मात्र आपल्याला नसते, कारण कॉम्पॅक्टला लेन्स जोडलेलीच येते, ती निवडायची वेळच आलेली नसते. मला फसवलं ते याच ठिकाणी. पैठण, अंबड, गेवराईकडून पै-पै जमवून कॅमेरा घ्यायला शहरात जाणारी बरीच पोरं आहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

मी पैठणचा. हिवाळ्यात नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, फुगवट्यावर रोहित, चक्रवाक, पट्टकादंब उतरतात आणि माझे सुट्टीचे दिवस तिथंच जातात. माझ्या कॉम्पॅक्टचा झूम तीसपट होता. पक्षी जवळ यायचा, पण ऊन उतरलं की फोटोत नुसते दाणे. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. निकॉनच्या डीएक्स (हे निकॉनच्या एका सेन्सर-मापाचं नाव) बॉडीचा २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळात जवळपास तेरापट फरक, म्हणजे उजेड गोळा करायलाही तेवढी जास्त जागा. म्हणून निकॉनचा डी५६०० ठरवला, सोबत १८-५५ आणि ७०-३०० मिलिमीटर (आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं) या दोन झूम लेन्सचं किट. ही निवड मला आजही योग्यच वाटते.

दुकान छत्रपती संभाजीनगरातलं. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

"सर, आता डीएसएलआर बंद व्हायल्यात. हा शेवटचा पीस आहे, संध्याकाळपर्यंत राहील का नाही सांगता येत नाही." खोकं आतल्या खोलीतून आलं तेव्हाच त्याची टेप कापलेली होती. "आम्ही चेक करूनच देतो सर." त्यानं १८-५५ लावली, माझाच फोटो काढून दाखवला. फोकस झटक्यात झाला. मग बबल रॅपमधून दुसरी लेन्स काढून माझ्या हातात दिली. मी ती बॉडीला लावायला गेलो तसा त्यानं हात मध्ये घातला. "ही लांबची लेन्स आहे सर, इथं चार फुटांत काय दिसणार? घरी गेल्यावर निवांत लावा." वेगळं खोकं नाही का, असं विचारलं, तर म्हणाला, किटच्या लेन्सला खोकं येत नसतं. यातलं काहीच सपशेल खोटं नव्हतं. लांबच्या लेन्सला अगदी जवळचं दिसत नाही आणि किटमधल्या लेन्स पुष्कळदा नुसत्या बबल रॅपमध्येच येतात. असं निम्मं-निम्मं खरं बोलूनच माल गळ्यात मारला जातो.

नाथसागरावर ती लेन्स लावली आणि बटण अर्धं दाबलं. काही नाही. आवाज नाही, हालचाल नाही. लेन्सवरची अक्षरं वाचली: एएफ निक्कोर ७०-३०० एमएम, १:४-५.६ जी. किटमध्ये यायला हवी होती ती एएफ-पी डीएक्स निक्कोर ७०-३०० एमएम, १:४.५-६.३ जी ईडी व्हीआर. (एएफ म्हणजे आपोआप होणारा फोकस, व्हीआर म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय.) ७०-३०० हा आकडा दोन्हीकडे सारखा, लेन्स पूर्णपणे वेगळ्या.

जुन्या एएफ लेन्सच्या पोटात मोटर नसते. तिच्या मागच्या बाजूला स्क्रूच्या डोक्यावर असते तशी बारीक खाच असते आणि बॉडीतली मोटर त्या खाचेत अडकून लेन्स फिरवते. डी७२०० किंवा डी७५०० मध्ये ही मोटर आहे. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती नाहीच. म्हणजे माझ्या कॅमेऱ्यावर ही लेन्स कायम हातानंच फोकस करायची. उडत्या पक्ष्यावर ते जमवून बघा! त्यात व्हीआर नाही. ३०० ला डीएक्स बॉडीत दृश्य ४५० मिलिमीटरइतकं अरुंद होतं. हातात धरून फोटो हलू नये तर शटर १/५०० सेकंदाच्या आसपास लागतं. सांजेला तेवढा उजेड आणायचा कुठून? कॅननच्या किटमध्येही ५५-२५० आयएसच्या (आयएस म्हणजे कॅननची कंप सावरणारी सोय) जागी ७५-३०० पुढे केली, तर मोठा आकडा बघून आपण खूश होतो. ती ७५-३०० बिनस्थिरीकरणाची असते, हे लक्षात असू द्या.

मग बॉडीचाही संशय आला. निकॉन प्रत्येक जेपीईजी फाईलमध्ये शटर किती वेळा पडलं तो आकडा लिहून ठेवतं. एक्झिफ, म्हणजे फोटोच्या फाईलमध्येच साठवलेली माहिती, वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मूळ फाईल उघडली की तो दिसतो. (व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ही माहिती उरत नाही.) 'नव्या' कॅमेऱ्याचा आकडा चार हजारांच्या वर होता. फाईलचे नंबर मात्र ०००१ पासून सुरू झाले होते, कारण तो क्रम मेनूतून पुन्हा एकवर आणता येतो. डी५६०० चं शटर एक लाख वेळा चालेल अशी चाचणी झालेली असते, त्यामुळे चार हजारांनी कॅमेरा निकामी होत नाही. पण नव्याचे पैसे घेऊन वापरलेला माल दिला, त्याचं काय? खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीची चिठ्ठी नव्हती. बाहेरून आणून पॅक केलेल्या मालावर ती कायद्यानं लागते.

परत गेलो तेव्हा दुकानदाराचं उत्तर एकच, लेन्स चालते की, हातानं फिरवा. पावतीवर 'कॅमेरा किट' एवढंच लिहिलेलं, सीरियल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल मागितलं होतं तेव्हा अठरा टक्के वर लागतील म्हणाला होता. एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, वरून काही लागत नाही. यूपीआयच्या कोडवरही दुकानाऐवजी कुणा माणसाचं नाव आलं होतं. तरी पैसे खात्यातून गेले, त्याची नोंद राहिली, आणि आज माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम कागद तोच आहे.

बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेलं आहे. बिलावर माल परत करायची मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरतात, म्हणून घरी माल तपासायला वेळ लावू नका. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार दिली, दुकानानं दाद दिली नाही, तेव्हा जिल्हा आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथं फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. माल मुंबई-दिल्लीहून मागवला असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

दुकानात कुणी काही म्हणो, दोन्ही लेन्स स्वतः लावून बघा. लांबच्या लेन्सनं दाराबाहेर रस्त्यापलीकडच्या पाटीवर फोकस होऊ द्या, मगच पैसे काढा. पक्क्या बिलावर बॉडीचा आणि दोन्ही लेन्सचा सीरियल नंबर लिहून घ्या. कुणी टाळाटाळ केली तर उठून बाहेर या.

डी७२०० असलेल्या एका मित्रानं ती लेन्स विकत मागितली होती. दिली नाही, ती आयोगापुढे ठेवायची आहे. आणखी कुणाला किटमध्ये अशी नुसती एएफ लिहिलेली लेन्स मिळाली असेल, तर ती विकू नका. बबल रॅप, पावती आणि पैसे दिल्याची नोंद लेन्ससोबतच ठेवा.