सहाव्या फेकीला फ्रेम कुठे असते? बसून थाळी फेकणाऱ्यांसाठीच्या एका तयार फ्रेमचे परीक्षण

बसून थाळी फेकणाऱ्या खेळाडूची थ्रोइंग फ्रेम म्हणजे जमिनीला बांधलेली बैठक, व्हीलचेअर नव्हे. तिला चाके नसतात, तिला कुठे जायचे नसते, आणि ती जितकी जागच्या जागी राहील तितकी चांगली. मी एफ५६ या, पाय फारशी साथ न देणाऱ्या खेळाडूंच्या दिव्यांग वर्गात थाळीफेक करतो आणि गेला संपूर्ण हंगाम उंची कमी-जास्त करता येणाऱ्या एका तयार पोलादी फ्रेमवर काढला. नवीन फ्रेम घेण्याच्या विचारात असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे. उत्पादकाचे नाव देण्याचे कारण नाही, कारण अशाच घडणीच्या फ्रेम सरावाच्या मैदानांवर सर्रास दिसतात.

फ्रेमकडून नेमकी काय अपेक्षा असते, हे आधी सांगायला हवे. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये अमेरिकेच्या जेरेमी कॅम्पबेलने एफ६४ या, उभे राहून फेकणाऱ्यांच्या वर्गात दीड किलोची थाळी ६०.२२ मीटर फेकून सुवर्ण जिंकले, तर त्याच स्पर्धेत ब्राझीलच्या क्लॉडिनेई बतिस्ता दोस सांतोसला एफ५६ मध्ये ४५.५९ मीटर सुवर्णाला पुरले, आणि त्याची थाळी एक किलोचीच होती. थाळी हलकी असूनही अंतर कमी पडते, कारण उभा राहून फेकणारा खेळाडू वर्तुळात फिरून वेग घेतो आणि पायांनी जमीन रेटतो. आमच्या वर्गात धड आणि हात जोर लावतात, पण कमरेखालून फारसे काही मिळत नाही. तो रेटा घ्यायला आमच्याजवळ एकच जागा असते, ती म्हणजे फ्रेम. तिने अर्धा मिलिमीटर जरी मान तुकवली, तरी तेवढा जोर थाळीत न जाता लोखंडात मुरतो.

या फ्रेमची बैठक चौकोनी असून नियमाने सांगितलेल्या किमान ३० सेंटिमीटरपेक्षा प्रत्येक बाजूने ऐसपैस आहे, आणि तिला मागच्या बाजूला हलका उतार दिला आहे. बैठक सपाट किंवा मागे उतरती असणे नियमात बसते, आणि या उतारामुळे कंबर मागच्या टेकूला नीट भिडते. बाजूचे टेकूही ठणठणीत आहेत. चारही पाय एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे असून दर अडीच सेंटिमीटरवर भोके पाडलेली आहेत. हव्या त्या भोकात खीळ घातली की उंची ठरते. जाहिरातीत सर्वांत ठळक जागा या सोयीलाच दिलेली आहे, आणि माझी मुख्य तक्रारही याच सोयीबद्दल आहे.

सोबतच्या माहितीपत्रकात कमाल उंची ७५ सेंटिमीटर लिहिलेली आहे. बसून फेकण्याच्या प्रकारांत बैठकीची कमाल उंची ७५ सेंटिमीटरच असल्याने मी निर्धास्तपणे सर्वांत वरच्या भोकात खिळी घातल्या आणि दीड महिना सराव केला. स्पर्धेच्या दिवशी तपासणीत पंचांनी टेप लावली तेव्हा आकडा ७९ आला. नियमातले ७५ सेंटिमीटर हे गादीसकट मोजायचे असतात, आणि उत्पादकाने ते नुसत्या पत्र्यापर्यंत मोजले होते. वरची चार सेंटिमीटरची गादी त्याच्या हिशेबातच नव्हती. चूक माझीही होती, कारण घरी टेप लावायला मला कोणी अडवले नव्हते. पण जी वस्तू याच खेळासाठी विकली जाते, तिच्या माहितीपत्रकात गादीचा उल्लेख नसावा हे अक्षम्य आहे. दोन भोके खाली उतरून बैठक ७४ वर आणली. त्यातही मागच्या डाव्या पायाची खीळ माती बसून इतकी घट्ट झाली होती की ती दगडाने ठोकून काढावी लागली. उंची पाच सेंटिमीटरने कमी झाली तर अंतर साधारण तेवढेच घटायला हवे, पण दीड महिन्याची हाताला लागलेली लय त्या पाच सेंटिमीटरमध्ये गेली. पहिली थाळी लवकर सुटून थेट उजव्या बाजूच्या जाळीत गेली.

दुसरा दोष सरावात लवकर लक्षात येत नाही, कारण सरावात आपण दोन फेकींनंतर दम घेतो. बसून फेकणाऱ्यांच्या स्पर्धेत मात्र खेळाडूला आपल्या सगळ्या फेकी सलग कराव्या लागतात. एकदा फ्रेम बांधली की तिच्यावर बसूनच एकामागून एक थाळी फेकायची, आणि प्रत्येक फेकीला एक मिनिट. नळीत नळी सरकायची तर दोघींमध्ये थोडी फट ठेवावीच लागते, आणि तीच फट प्रत्येक हिसक्याबरोबर बोलू लागते. पहिल्या दोन फेकींना ही फ्रेम गप्प असते. तिसऱ्या फेकीपासून मागच्या पायातून बारीक ‘टक्’ असा आवाज येतो, आणि पाचव्या-सहाव्या फेकीपर्यंत बैठक ज्या दिशेने बांधली होती तिथून किंचित वळलेली असते. भारताच्या योगेश कथुनियाने टोकियोत रौप्य मिळवून देणारी ४४.३८ मीटरची फेक सहाव्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात केली, आणि पॅरिसमध्ये रौप्य देणारी ४२.२२ मीटरची फेक पहिल्याच प्रयत्नात. सर्वांत चांगली फेक कितवी निघेल हे कोणालाच आधी ठाऊक नसते, म्हणून सहाव्या फेकीची फ्रेम पहिल्या फेकीच्या फ्रेमसारखीच असली पाहिजे. माझी तशी नव्हती.

पकडण्याच्या दांड्याबद्दल मात्र चांगलेच लिहावे लागेल. नियमानुसार हा दांडा एकसंध आणि सरळ हवा. त्याला सांधा, बिजागरी किंवा वाक चालत नाही, आणि त्याचा छेद गोल किंवा चौरस असावा लागतो. इथे जाड गोल नळी दिली असून ती खोल खोबणीत बसते आणि दोन बोल्टांनी आवळली जाते. मी उजव्या हाताने फेकतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी डाव्या हाताने दांडा छातीकडे खेचतो, आणि त्या खेचण्याला या दांड्याने हंगामभरात एकदाही दाद दिली नाही. खोबणी डावीकडे वा उजवीकडे बसवता येते, ही सोयही डावखुऱ्यांसाठी चांगली आहे. दांड्यावरचा रबरी पट्टा घामाने निसटू लागतो, तो काढून सुती पट्टी गुंडाळावी.

मांड्यांवरचे पट्टे सामान्य आहेत. फेक संपेपर्यंत गुडघ्यामागपासून नितंबापर्यंतचा भाग बैठकीला टेकलेला असावा लागतो, आणि तो उचलला गेला की फेक बाद. त्यामुळे पट्ट्यावर खूप काही अवलंबून असते. इथल्या पट्ट्याचे कापड न ताणणारे, म्हणजे नियमात बसणारे आहे, पण बक्कल चौथ्या-पाचव्या फेकीला अर्धा इंच सरकते. मी बक्कल बदलून घेतले. पाय टेकवायची पट्टी ठीक आहे, तिच्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

फ्रेम जमिनीला बांधण्याच्या कड्या कमी उंचीवर आणि चारही कोपऱ्यांत आहेत, हा मोठा गुण. आमच्या वर्गाला फ्रेम बांधून घ्यायला दोनच मिनिटे मिळतात, तर एफ५१ ते एफ५३ या अधिक अपंगत्वाच्या वर्गांना तीन; कडी शोधत बसण्याइतका तो वेळ नसतो. रॅचेटचे, म्हणजे खटक्याने ताणले जाणारे पट्टे अडकवून फ्रेम आवळायला माझ्या मदतनिसांना दीड मिनिट लागते. मात्र पट्टे ताणले जातात ते खालच्या नळ्यांवर, आणि वरच्या नळ्या त्यात मोकळ्याच राहतात, म्हणून कितीही आवळले तरी तो ‘टक्’ जात नाही.

फ्रेमसोबत सरावासाठी एक किलोची थाळी येते. व्यास आणि जाडी मापात आहे, कड धातूची आहे, पण वजनाचा मोठा भाग कडेकडे ठेवलेला असल्याने ती नीट फिरवायला मनगटाचा वेग चांगला लागतो. नवख्याच्या हातातून ती डगमगत जाते. कडेचे वजन कमी असलेली थाळी दिली असती तर बरे झाले असते.

ज्याची बसण्याची उंची, दांड्याची जागा आणि बसण्याची दिशा अजून ठरायची आहे, त्याने ही फ्रेम जरूर घ्यावी. अशा खेळाडूला भोके आणि खिळी यांचा खरा उपयोग आहे, आणि वर्षभर प्रयोग करून मापे काढण्यासाठी याहून सोयीचे साधन मी वापरलेले नाही. ज्याची मापे ठरलेली आहेत, त्याने त्याच मापाची, एकाच नळीच्या पायांची फ्रेम वेल्डरकडून करून घ्यावी. मी मधला मार्ग काढला. गादी दोन सेंटिमीटरची केली, पाय ७२.५ च्या भोकावर ठेवून चारही सांधे वेल्डिंगने कायमचे बंद केले, आणि गादीसकट ७४.५ भरते हे टेपने दोनदा मोजून पाहिले. आता सहाव्या फेकीलाही आवाज येत नाही. काढून टाकलेल्या चार खिळी थाळ्यांच्या पिशवीत पडून आहेत, त्यांतली एक अजून वाकडीच आहे.